गुलाबी ठिपक्याची काडतुसं

मर्ल हॉकनबेरी या माणसाचा जगात कुणावरही विश्वास नव्हता, आणि त्याबद्दल त्याला दर महिन्याला पगार मिळत असे. विमा कंपनीत तो दाव्यांचा तपासनीस होता. वादळात कुणाच्या छपरावर झाड पडलं की बाकीचे लोक छपराकडे बघून हळहळायचे. मर्ल झाडाकडे बघायचा. झाड कुणाचं, आजवर उभं होतं ते आजच का पडलं, आणि पडायला दुसरी जागा नव्हती का, अशी त्याची विचारपूस सुरू व्हायची. घरीही तेच. त्याची बायको आर्लीन बिचारी एखाद्या दिवशी न सांगता सफरचंदाचा पाय, म्हणजे ओव्हनमधला तो गोड पदार्थ, करायची, तर हा आधी गाडीला कुठे पोचा पडलाय का ते बघून यायचा आणि मग खायला बसायचा.

असा माणूस दोन वर्षं लागोपाठ हरणावर नेम चुकतो आणि ‘चुकलो बुवा’ म्हणून गप्प बसतो, हे कसं शक्य आहे?

आमच्या डोंगरात नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या सोमवारी हरणांचा हंगाम उघडतो. त्या दिवशी शाळा बंद, पोस्टात शुकशुकाट, आणि कुणाला हार्ट अटॅक यायचा असेल तर त्याने मंगळवारी यावा अशी सगळ्यांची अपेक्षा. पुरुषमंडळी आदल्या दिवशीच आपापल्या कॅम्पवर पोचलेली असतात. मर्लचा कॅम्प म्हणजे पॉटर काउंटीतली एक लाकडी कोठी. आत एक शेगडी, काही कुरकुरणारे पलंग आणि एक भिंत. यात भिंत सगळ्यात महत्त्वाची. ज्याचा नेम हरणावर चुकला, त्याला त्या संध्याकाळी सगळ्यांसमोर उभं करायचं, कॅम्पचे सगळ्यात म्हातारे सभासद एल्वुडकाका यांनी कात्री काढायची, त्याच्या शर्टाचा मागचा सोगा कापायचा, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि तो भिंतीवर खिळ्याने ठोकायचा. कापून घेणाऱ्याने हसत उभं राहायचं, कारणं सांगायची नाहीत, अशी रीत. मर्लने दोन्ही वर्षं कारणं सांगितली होती. दुसऱ्या वर्षी तर आकृती काढून.

आणि नियम असा की लागोपाठ तीन सोगे भिंतीवर लागले की त्या माणसाचं मचाण गेलं. ते चांगल्या मचाणासाठी थांबलेल्यांच्या यादीतल्या पुढच्या माणसाला.

मर्लचं मचाण त्याच्या बापाने बांधलेलं होतं. ओढ्याच्या वळणावर, एका जुन्या ओकच्या झाडावर. बाप जाऊन बरीच वर्षं झाली, पण कॉफीचा मग घसरू नये म्हणून त्याने चाकूने फळीत कोरलेली गोल खाच अजून तिथे होती. हंगामाच्या पहिल्या सकाळी मर्ल त्या खाचेत मग ठेवायचा, आणि वाफ वर येताना बघून त्याला बाप शेजारी बसल्यासारखा वाटायचा. दरवर्षी. हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. ते मचाण गेलं असतं तर त्याला बाप दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालं असतं, आणि हेही त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

यादीतला पुढचा माणूस होता ड्वाइट. आर्लीनचा सख्खा भाऊ. म्हणजे बघा.

“दाजी, टेन्शन घेऊ नका,” दुसऱ्या वर्षी सोगा कापला जात असताना हा ड्वाइट म्हणाला होता, “मचाण घरातच राहील.”

आता हे वाक्य तुम्ही-आम्ही ऐकलं तर हसून सोडून देऊ. मर्लने ते मनात फाइल करून ठेवलं.

तर नेम का चुकला, याची चौकशी मर्लने रीतसर सुरू केली. स्वतःचा डोळा त्याने तपासला, तो निर्दोष निघाला. हात निर्दोष. बंदूक बापाची, म्हणजे तिच्यावर संशय घेणंच पाप. राहिलं काय? दुकानातलं काडतूस. “यंत्राने लाखांनी काढलेलं काडतूस,” तो आर्लीनला म्हणाला, “ते माझ्या बंदुकीला काय ओळखतं?” आणि त्याने जाहीर केलं की यापुढे आपण आपली काडतुसं घरी भरणार.

यात नवल काही नाही. आमच्याकडे गल्लीत दोन माणसं सोडून तिसरा काडतुसं घरी भरतो. वापरलेल्या पितळी पुंगळ्या जमवायच्या, घासूनपुसून चकचकीत करायच्या, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, काट्यावर तोलून बंदुकीची दारू घालायची आणि वरून गोळी दाबून बसवायची. ऐकायला लोणचं घालण्याइतकं सोपं. लोणचं बिघडतं तेव्हा काय बिघडलं ते निदान जिभेला तरी कळतं, एवढाच फरक.

तळघरात वॉशिंग मशीन आणि आर्लीनच्या मुरांब्याच्या बरण्या यांच्या मधोमध मर्लने टेबल मांडलं. सामान आणलं. टोप्या दुकानात माणशी एकच डबी मिळत होती, म्हणून आर्लीनला वेगळी गिऱ्हाईक म्हणून रांगेत उभं केलं आणि वर ‘मला ओळख दाखवू नकोस’ अशी ताकीद दिली. ती पंचवीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्यामागे परकी बाई म्हणून उभी राहिली, आणि वैतागून पुढच्या माणसाशी हवापाण्याच्या गप्पा मारू लागली. मर्लला तेही आवडलं नाही.

त्यात घराच्या विम्याचं नूतनीकरण आलं. फॉर्मवर प्रश्न होता, ‘घरात स्फोटक किंवा ज्वालाग्राही पदार्थ ठेवता काय?’ हा प्रश्न फॉर्मवर यावा म्हणून काही वर्षांपूर्वी साहेबांच्या मागे लागलेला माणूस खुद्द मर्लच. खोटं लिहिण्याची त्याची छाती होईना. ‘होय’ लिहिलं तर कंपनीने तपासणीला बर्निसला पाठवलं. बर्निसला काम शिकवलेलं मर्लने. तिने तळघर बघितलं, दारूच्या कपाटाची लांबीरुंदी मोजली, मर्लने सांगितलेलं माप पुन्हा मोजलं, आणि वर जाऊन आर्लीनला बाजूला घेऊन विचारलं, “खरं सांगा, अजून काय काय आहे घरात?”

“बर्निस, मी आहे गं, मर्ल!”

“घरमालक ओळखीचा असेल तर दुप्पट तपासायचं, असं तुम्हीच शिकवलंत ना सर?”

मर्ल दोन दिवस ऑफिसात तिच्याशी बोलला नाही. असो.

पहिली काडतुसं घेऊन तो शनिवारी गावाबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर गेला, आणि काय सांगू, चमत्कार झाला. शंभर यार्डांवरच्या कागदावर तिन्ही छिद्रं एकमेकांना चिकटलेली. वर एक नाणं ठेवलं तर तिन्ही झाकली जातील अशी. मर्लने तो कागद घडी घालून खिशात ठेवला, तो चर्चमध्ये दाखवला, न्हाव्याला दाखवला, आणि रविवारी जेवायला आलेल्या ड्वाइटच्या ताटाशेजारी अगदी सहज पडल्यासारखा पाडला.

ड्वाइटने तो उलटसुलट बघितला. “मस्त जमलंय दाजी,” तो म्हणाला. “एकदा जमतं. पुन्हा जमायला पाहिजे.” आणि त्याने पोर्क आणि आंबवलेला कोबी आणखी वाढून घेतला.

पुढच्या शनिवारी पुन्हा जमलं नाही. तीन छिद्रं तीन दिशांना.

आता त्या दिवशी वारा होता, आणि मर्ल घरून तीन मग कॉफी ढोसून आला होता, हे मैदानावरच्या कुणीही सांगितलं असतं. पण मर्लला वारा दिसला नाही. त्याला दिसलं ते एवढंच, की ड्वाइटने कागद बघेपर्यंत सगळं ठीक होतं.

शेजारी ऑर्विल कुंपणावरून म्हणाला, “पुंगळ्या सारख्या लांबीच्या आहेत का? एखादी केसभर लांब असली तरी खेळ खलास.” मर्लने सगळ्या कापून सारख्या केल्या. पाद्रीबाबा प्रवचनानंतर दारात हात मिळवताना हळूच म्हणाले, “गोळी जरा वर बसवून बघ. देव बारकाव्यात असतो.” मर्लने गोळी वर बसवली. दुकानदार म्हणाला, दारू बदला. न्हावी म्हणाला, नळी आतून घासा. न्हाव्याकडे दाढीला बसलेला माणूस तोंडाच्या फेसातून म्हणाला, नळी अजिबात घासू नका, घासून घासूनच लोक बंदुकीचं वाटोळं करतात. मर्लने आधी घासली आणि मग घासल्याचा पश्चात्ताप केला. बंदुकीवरच्या दुर्बिणीचे स्क्रू आवळले. घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा पंखा सुरू झाला की तळघरातला काटा हलतो असं ऑर्विलला वाटलं, म्हणून मर्ल भट्टी बंद करून काम करू लागला आणि आर्लीन वर दोन स्वेटर घालून स्वयंपाक करू लागली. छिद्रं जशीच्या तशी पांगलेली. उलट दर शनिवारी थोडी थोडी दूर सरकत होती, भांडलेल्या भाऊबंदांसारखी.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती मर्लनेही कुणाला सांगितली नव्हती.

पहिल्या अपयशानंतर त्याच दिवशी मर्लने ठरवलं होतं की यात कुणाचा तरी हात आहे. कुणीतरी तळघरात उतरतं, काडतुसाची गोळी उपसतं, आतली दारू कमीजास्त करतं आणि गोळी परत बसवतं. कुणीतरी म्हणजे कोण, हे सांगायला नको. पण पुरावा पाहिजे. ऑफिसात पाकिटाला लाख लावून मोहोर मारतात, तसं काहीतरी. पाकीट फोडलं की लाख तुटते आणि चोर सापडतो. घरात लाख नव्हती. न्हाणीघराच्या कपाटात आर्लीनची नेलपॉलिश होती. गडद गुलाबी, पुतणीच्या लग्नासाठी घेतलेली. मर्लने प्रत्येक काडतुसाला, गोळी जिथे पुंगळीत शिरते त्या सांध्यावर एका बाजूला, अर्धा गोळीवर अर्धा पुंगळीवर असा एक ठिपका दिला. आता कुणी गोळी उपसली की ठिपका फुटणारच.

ठिपका फुटला नाही. एकही नाही. आणि नेम मात्र बिघडलेलाच.

साध्या माणसाने यातून काय अर्थ काढला असता? मर्लने असा काढला, की हा ड्वाइट आपल्याला वाटला त्यापेक्षा फार पोचलेला आहे, मोहोर न फोडता आत शिरतो. म्हणून त्याने ठिपका जाड केला. नेम आणखी बिघडला. मग दोन थर दिले. मग तीन. शेवटी शेवटी काडतुसाच्या गळ्याला एका बाजूला गुलाबी गळू झाल्यासारखं दिसायला लागलं, आणि छिद्रं कागद सोडून मागच्या फळीवर जायला लागली.

तेव्हा मर्लने शेवटचा उपाय केला. रविवारी सकाळी तळघराच्या जिन्यापासून टेबलापर्यंत मैदा भुरभुरला.

दुपारी जेवण झाल्यावर ड्वाइट “आलोच” म्हणून उठला. मर्लने मनात शंभरपर्यंत आकडे मोजले आणि खाली झेप घेतली. मैद्यात बुटांचे ठसे! मोठे, रुंद, टेबलाच्या दिशेने गेलेले. मर्ल वर आला तेव्हा त्याचा चेहरा लग्नघरच्या व्याह्यासारखा फुलला होता.

“ड्वाइट, पाय वर कर.”

“काय?”

“बूट दाखव. तळ दाखव.”

ड्वाइटने पाय वर केला. तळाला मैदा. मर्लने पट्टी काढली आणि जेवणाच्या टेबलावर, उरलेल्या कोबीच्या शेजारी, मेव्हण्याच्या बुटाचं माप घेतलं.

“माझ्या तळघरात काय करत होतास?”

ड्वाइट लालबुंद झाला. बहिणीकडे बघून घोटाळला, आणि खाली मान घालून म्हणाला, “अंडी खात होतो.”

“कसली अंडी?”

“बीटच्या लोणच्यातली. ताईची. डॉक्टरने बंद केलीत ना, वर सगळ्यांसमोर कशी खाणार? बरणीतून एक-दोन घेतो, बस.”

“अगं बाई!” आर्लीन म्हणाली. “आणि मी इतके दिवस मर्लवर ओरडतेय!”

“हे ठसे बरणीकडे नाही, टेबलाकडे गेलेत,” मर्ल म्हणाला.

“बरणी तुमच्या टेबलाच्या मागेच आहे, दाजी.” ड्वाइट आता उभा राहिला होता. “म्हणजे तुम्हाला काय वाटलं? मी तुमची काडतुसं बिघडवतो? मी?” त्याचा आवाज चिरकला. “तुमच्या वडिलांच्या मयताला तुमच्या खांद्याला खांदा लावून पेटी उचलली मी. आणि माझ्या बुटाला पट्टी लावता?” त्याने कोट उचलला आणि तो गेला. जेवणानंतरचा गोड पाय सुद्धा खायला थांबला नाही, आणि त्या दिवशी तो काकवीचा होता.

पुढचे काही रविवार ड्वाइट जेवायला आला नाही. मर्लच्या मते हा अपराधी मनाचा स्पष्ट पुरावा होता.

आता आर्लीनचं ऐका. पंचवीस वर्षं संशयी माणसाच्या शेजारी झोपलं की तो रोग थोडा लागतोच. तिची नेलपॉलिशची बाटली जवळजवळ संपली होती. नवऱ्याच्या शर्टाच्या बाहीला गुलाबी डाग. नखाच्या कडेला गुलाबी. विचारलं तर हा खेकसतो, “तपास चालू आहे, बोलता येणार नाही.” आणि दर शनिवारी सकाळी दाढीबिढी करून जातो कुठे? मैदानावर. आणि मैदानाची देखरेख करते कोण? विल्मा. विधवा, ठसठशीत, आणि बोटं बघाल तर सदा रंगवलेली.

एका शनिवारी आर्लीनने गाडी काढली आणि मैदान गाठलं. मर्ल बाकावर वाकून नेम धरत होता आणि विल्मा त्याच्या मागे कमरेवर हात ठेवून उभी होती.

“चालू दे, चालू दे!” आर्लीन ओरडली. “मी आल्याने थांबू नका!”

मैदानावरच्या सगळ्या बंदुका थांबल्या. विल्माने शिट्टी वाजवून नळ्या रिकाम्या करायला लावल्या, कारण भांडण असो वा प्रलय, नियम तो नियम.

“ह्याच्या हाताला नेलपॉलिश कुणाची लागते, ते ऐकायचंय मला,” आर्लीन म्हणाली.

विल्माने आपली बोटं पुढे धरली. चेरीसारखी लालभडक. “बाई, हा रंग गुलाबी आहे का? आणि ह्या माणसाने गेल्या आठवड्यात माझ्याकडे मी वाजवते त्या शिट्टीचं तपासणी-प्रमाणपत्र मागितलं. ह्याच्याशी कोण लफडं करणार?”

एवढ्यात आर्लीनची नजर बाकावरच्या डब्यावर गेली. ओळीने उभी काडतुसं, आणि प्रत्येकाच्या गळ्याला तिची पुतणीच्या लग्नाची नेलपॉलिश.

“मर्ल. हे काय आहे?”

मर्लला बोलावं लागलं. सगळ्या मैदानासमोर त्याने मोहोर, मेव्हणा आणि मैदा हे सगळं सांगितलं. सांगताना त्याला ते अगदी तर्कशुद्ध वाटत होतं. विल्माने एक काडतूस उचललं, अंगठ्याने ते गुलाबी गळू चाचपलं, आणि आधी तिच्या खांद्यांना आणि मग पोटाला हसू फुटलं.

“अहो तपासनीस, गोळी सुटताना पुंगळीने ती सगळीकडून सारखी सोडायला पाहिजे. तुम्ही एका बाजूने डकवून ठेवलीय! आणि वर तो गोळा घेऊन ती फिरत जाते. भोवऱ्याला एका अंगाला च्युइंगम लावून फिरवून बघा घरी.”

“पण... पहिला ठिपका दिला तेव्हा नेम आधीच बिघडलेला होता.”

“त्या दिवशी वारा होता. माझी टोपी उडाली होती.”

जितका संशय, तितका जाड थर, आणि जितका जाड थर, तितका नेम बिघडलेला. आजवर इतक्या दाव्यांत मर्लने लिहिलं होतं, ‘नुकसान अर्जदाराच्या स्वतःच्या कृतीमुळे, सबब दावा फेटाळला.’ ते वाक्य त्याच्या डोळ्यासमोर आपोआप टाइप झालं. घरी येताना गाडीत आर्लीन एकच वाक्य बोलली, “ड्वाइटला फोन कर.”

मर्लने बिनठिपक्याची काडतुसं भरली. भट्टी चालू ठेवून, पाद्रीबाबांचं न ऐकता. छिद्रं पुन्हा नाण्याखाली मावली. पण फोन काही केला नाही. फोन उचलायचा आणि ठेवून द्यायचा. माफी मागायची म्हणजे जबाबदारी कबूल करायची, आणि जबाबदारी कबूल करू नये हे तर त्याच्या धंद्याचं पहिलं कलम. शिवाय मनात एक बारीक कीड होतीच. ड्वाइटने आजवर काही केलं नसेल. पण आता तर त्याच्याकडे कारण आहे!

हंगाम उघडायच्या आदल्या रविवारी कॅम्पवर सगळे जमले. ड्वाइटने मर्लशी हात मिळवला, पण ‘दाजी’ म्हणाला नाही. रिवाजाप्रमाणे प्रत्येकाने अंधार पडायच्या आत मागच्या फळीवर एकेक गोळी झाडून बंदूक तपासली. मर्लची अचूक बसली. जेवताना गप्पा निघाल्या. पलीकडच्या कॅम्पवाल्यांनी म्हणे रबराचं हरीण झुडपात उभं केलं, मान हलवणारं, बॅटरीवरचं, चोरट्या शिकाऱ्यांना पकडायला जंगल खात्याचे लोक ठेवतात तसलंच. त्यांच्या एका पाहुण्याने त्यावर सगळी काडतुसं संपवली आणि वर ‘पडत कसं नाही’ म्हणून रडायला आला. सगळे खो खो हसले. ड्वाइटही हसला, आणि हसता हसता त्याने मर्लकडे बघितलं.

मर्लने ते मनात फाइल केलं.

सोमवारी उजाडताना तो मचाणावर होता. मग खाचेत, वाफ वर, बाप शेजारी. सगळं रीतसर. ओढ्यापलीकडे दूरवर ड्वाइटचा नारिंगी कोट दिसत होता. आणि थोड्या वेळाने झाडीतून एक नर बाहेर आला. शिंगं अशी, की भिंतीवर लावायला घरच बदलावं लागावं. तो उघड्यावर आला, आडवा उभा राहिला आणि तसाच थांबला.

मर्लने बंदूक खांद्याला लावली. दुर्बिणीत नराचा खांदा आला. चापावर बोट गेलं.

आणि मर्लला वाटलं, हा हलत का नाही?

इतका मोठा नर, इतक्या जवळ, नेमका माझ्या मचाणासमोर, नेमका आडवा? नराने मान थोडी वळवली. परत वळवली. अगदी यंत्रासारखी. मर्लच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रबराचं! ड्वाइटने आणून ठेवलं. आपण गोळी मारणार, ते पडणार नाही, संध्याकाळी सगळे हसणार, तिसरा सोगा भिंतीवर आणि मचाण ह्याच्या घशात. वा रे वा!

मर्लने काडतुसं भराभर बाहेर काढली, बंदूक मचाणावर टांगली, कारण भरलेल्या बंदुकीने उतरू नये हे तो रागातही विसरला नाही, आणि शिडीने खाली उतरला. वारा त्याच्या तोंडावर होता, पालापाचोळा ओला होता. तो सरळ चालत गेला. नर पलीकडच्या झुडपातल्या कुठल्याशा मादीकडे टक लावून बघत होता, पण ते मर्लला कुठून कळणार? तो मागून गेला, आणि बॅटरी कुठे बसवली आहे ते बघायला त्याने नराच्या ढुंगणावर हात ठेवला.

गरम होतं.

बॅटरी तापली असेल, मर्लला वाटलं.

तेव्हा नराने मागे वळून बघितलं. दोघांची नजरानजर झाली. कातडी हाताखाली थरथरली, आणि मग तिथे नर नव्हता, नुसती माती आणि पानं उडत होती. थोड्या वेळाने ओढ्यापलीकडच्या टेकडीकडून एक बार ऐकू आला. एकच.

संध्याकाळी एल्वुडकाकांनी कात्री टेबलावर ठेवली.

“एक बार झाला. हरीण कुणाकडेच नाही. आणि बार कुठून आला? मर्लच्या ओढ्याकडून. मर्ल, बोल.”

मर्लने सगळं सांगितलं. कोठीत असा हशा उठला की शेगडीवरचं झाकण हललं. हसू ओसरल्यावर काकांनी चष्मा पुसला. “गोष्ट फक्कड रचलीस. पण तुझ्या नळीला वास येतोय.”

“तो कालच्या बाराचा!”

“काडतुसं मोज.”

मर्लने मोजली. एक कमी. घाईत रिकामी करताना एक पाल्यात पडलं असणार. तो तोंड उघडायला गेला आणि त्याच्या लक्षात आलं की असा दावा त्याच्या टेबलावर आला असता, तर त्याने वाचूनही न बघता फेटाळला असता. नळीला वास, एक काडतूस कमी, एक बार, आणि वर ‘मी हरणाच्या ढुंगणाला हात लावला’ हा जबाब. साक्षीदार एकच. मर्लने ड्वाइटकडे बघितलं. हा नुसता गप्प बसला तरी पुरे होतं. मचाण त्याचं. मर्लने मनातल्या मनात फळीवरून हात फिरवला आणि शर्ट पँटीतून बाहेर काढायला सुरुवात केली.

“थांबा काका,” ड्वाइट उठून म्हणाला. “बार माझा होता.”

सगळे त्याच्याकडे वळले.

“मी दुर्बिणीतून सगळं बघितलं. हा माणूस चालत गेला आणि त्याने नराच्या मागे हात लावला, जसा काही म्हशीचा सौदा करतोय. हसून हसून मला श्वास घेता येईना. तो नर टेकडी चढून माझ्याकडे आला तेव्हाही मी हसत होतो. बारा पावलांवरून मी एका झाडाला गोळी घातली.” त्याने पाठ फिरवली आणि शर्टाचा सोगा बाहेर काढला. “कापा.”

काकांनी कापला. ड्वाइटने कारणं दिली नाहीत, हसत उभा राहिला, रीतीप्रमाणे. मर्लची गोळीच सुटली नाही, तर नेमही चुकला नाही, असा काकांनी निकाल दिला. मग ते मर्लजवळ आले आणि जरा ओशाळून म्हणाले, “मर्ल, इतकी वर्षं मी हरणं मारतोय. जिवंत हरणाला कधी हात लावला नाही. कसं लागतं रे?”

“गरम,” मर्ल म्हणाला.

नंतर ड्वाइट बाहेर लाकडं आणायला गेला तसा मर्लही मागोमाग गेला. दोघं लाकडं रचू लागले.

“का सांगितलंस?” मर्लने विचारलं.

“कारण बार माझा होता, दाजी.”

मर्लने या वाक्याची मागची बाजू शोधली. वर, खाली, कडेला. काही सापडलं नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि अंधार असल्यामुळे त्याने ते पुसलं नाही. “बुटाचं माप घेतलं ते माझं चुकलं,” तो म्हणाला. “फार चुकलं. उद्या सकाळी मचाणावर ये. दोघं मावतो. बापाची जागा आहे, मी एकट्याने बसून बसून... ये तू.”

ड्वाइटने हातातलं लाकूड खाली ठेवलं आणि डोळे बारीक करून मर्लकडे बघितलं.

“खरं सांगा दाजी, ह्यात डाव काय आहे?”

“काही नाही रे.”

ड्वाइटचा त्यावर जराही विश्वास बसला नाही. पण सकाळी तो आला.